सेवा करा, पण आधी बसा

ऑक्टोबर लागला की झाशीच्या कॅथलिक धर्मप्रांतात कामांच्या याद्या निघू लागतात. २८ ऑक्टोबर हा प्रेषित संत ज्यूड यांचा सण आणि त्यांचे तीर्थमंदिर झाशीत. सगळे उपाय थकले, आशा सुटली की ज्याचा धावा करायचा, असा हा संत. मंदिराच्या पायात त्यांचा अस्थिअवशेष ठेवला आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. सणाआधी नऊ दिवसांची नोव्हेना, मग मुख्य दिवस. दूरदूरून माणसे येतात, त्यांत ख्रिस्ती नसलेलीही पुष्कळ असतात. पंजाब मेलसारखी थेट गाडी असल्यामुळे मुंबईकडून जाणेही अवघड नाही.

एवढ्या गर्दीचा सण पार पाडणे म्हणजे काय, हे ज्याने कधी फेस्त किंवा यात्रा सांभाळली आहे त्याला सांगायला नको. गाड्या कुठे लावायच्या, चपला कुठे ठेवायच्या, पाण्याची पिंपे कोण भरणार, मेणबत्त्यांच्या स्टँडखाली साचलेले मेण कोण खरवडणार, माईक ऐनवेळी शिट्टी मारू लागला तर कोणाकडे धावायचे, हरवलेल्या पोराचे नाव कोण पुकारणार. छातीवर बिल्ला लावलेला स्वयंसेवक पहाटेपासून पायांवर उभा असतो. मिस्सा सुरू होते तेव्हा तो फाटकाशी असतो. कम्युनियनच्या वेळी तो रांग सरळ करत असतो. शेवटच्या आशीर्वादाला तो बाहेर पडणाऱ्या गर्दीसाठी दोर सोडत असतो. रात्री घरी आल्यावर बायको विचारते, "प्रार्थना झाली का तुमची?" तो म्हणतो, "सगळं नीट पार पडलं."

हा लेख त्या स्वयंसेवकासाठी आहे. तो झाशीचाच असला पाहिजे असे नाही. वसईच्या पॅरिशमधला असेल, अहिल्यानगरच्या ह्यूम मेमोरियल चर्चमधला असेल, नाहीतर एखाद्या उपनगरात भाड्याच्या हॉलमध्ये दर रविवारी खुर्च्या मांडणारा असेल. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हा भेद या दुखण्याला ठाऊक नाही.

झाशीच्या या संताबद्दल एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. चारही शुभवर्तमानांत त्यांच्या तोंडी एकच वाक्य आहे, आणि तो एक प्रश्न आहे. योहानाच्या शुभवर्तमानाचा १४ वा अध्याय, २२ वी ओवी म्हणा किंवा वचन म्हणा, काढून पाहा. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचे जेवण. यहूदा, म्हणजेच ज्यूड, विचारतो (हा यहूदा इस्कर्योत नव्हे, असे योहान आवर्जून सांगतो): प्रभू, तू स्वतःला आमच्यापुढे प्रकट करणार आणि जगापुढे नाही, हे कसे? प्रश्न रास्त आहे आणि तो अस्सल कार्यकर्त्याचा प्रश्न आहे. जगापुढे एकदा दणक्यात काहीतरी होऊन जाऊ दे, म्हणजे आपले काम सोपे, असा त्यामागचा भाव असावा. येशू मात्र उत्तरात मोहिमेचा आराखडा देत नाही. प्रीती करणाऱ्याकडे पिता आणि आपण येऊ आणि त्याच्याकडे वस्तीला राहू, असे तो सांगतो. लगेच पुढच्या अध्यायात द्राक्षवेल येतो: फाटा वेलात राहिला तर फळ, नाहीतर काही नाही. विचारले जाहीर कामाबद्दल आणि उत्तर मिळाले घरी येऊन राहण्याबद्दल. संत ज्यूड यांना शुभवर्तमानात मिळालेले उत्तर एवढेच. त्यांच्या नावाने मेणबत्ती लावणाऱ्यांत आणि मेण खरवडणाऱ्यांत किती जणांनी ते वाचलेले असते, कोण जाणे.

कामसू माणसाला दोष देण्याआधी गणित पाहावे. २०११ च्या जनगणनेत उत्तर प्रदेशात ख्रिस्ती ०.१८ टक्के भरले. महाराष्ट्रात सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्याही आत. झाशीला १९४० मध्ये कॅथलिक प्रीफेक्चर झाले आणि १९५४ मध्ये धर्मप्रांत. पहिले बिशप कॅप्युचिन संघाचे फ्रान्सिस झेवियर फेनेच. बुंदेलखंडासारख्या कोरड्या, गरीब मुलखात मूठभर माणसांनी शाळा आणि दवाखाने उभे केले. मूठभरांनी एवढे करायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चार कामे येणारच. आपल्याकडेही तेच. मंडळीत "हो" म्हणणारा एक सापडला की सगळ्या कामांचा ओघ त्याच्याकडे वळतो. हार्मोनियम वाजवणाराच संडे स्कूल घेतो, तोच खजिनदार, नाताळचा तारा टांगायला शिडीवर तोच, आणि दफनाच्या वेळी खड्डा खणणाऱ्याला फोनही त्यानेच करायचा. वर आपण कौतुक करतो: प्रभूसाठी किती झटतो हो! हे कौतुक फार गोड लागते. एकदा त्याची चटक लागली की माणूस प्रार्थनेशिवाय आठवडाभर राहू शकतो, पण कामाशिवाय एक रविवार राहू शकत नाही.

आपले असे झाले आहे का, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. बायबल फक्त बोलायचे असेल तेव्हाच उघडले जाते आणि वचन वाचताना "हे मंडळीला छान लागू पडेल" हाच विचार आधी येतो. प्रार्थना तोंडून सराईतपणे वाहते, पण एकटे असताना दोन मिनिटेही निघत नाहीत. आजारी पडलो तर काळजी वाटते ती आपली कामे दुसरा कोणी बिघडवेल याची. पण सगळ्यांत पक्की खूण म्हणजे कुरकुर. उपासनेत शांत बसलेल्या माणसाकडे पाहून मनात येते: याला काय, बसायला मोकळा आहे.

लूकच्या १० व्या अध्यायात मार्थाच्या घरी हेच घडते: ती कामाच्या धांदलीत, आणि बहीण मरीया येशूच्या पायाशी बसून ऐकते आहे. आपण ती गोष्ट इतक्या वेळा ऐकली आहे की मार्थाबद्दलचे दोन बारकावे निसटतात. पहिला असा की मार्था मरीयेला काही बोलत नाही, ती थेट पाहुण्यालाच बोलते. बहिणीने मला एकटीला टाकले याची तुम्हाला पर्वा नाही का, आणि तिला मदत करायला सांगा. ज्याच्यासाठी चूल पेटवली त्यालाच ती फर्मावू लागली. सेवा जवळिकीच्या पुढे गेली की असेच होते. आपण देवाचे काम करता करता देवाला कामे सांगू लागतो. दुसरा बारकावा योहानात आहे. भाऊ लाजर मेला तेव्हा रस्त्यावर जाऊन येशूला गाठणारी मार्था होती, आणि तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस ही मोठी कबुलीही तिच्याच तोंडून आली. पुढे १२ व्या अध्यायात बेथानीत जेवण आहे आणि मार्था पुन्हा वाढते आहे. या वेळी तक्रारीचा एक शब्द नाही. म्हणजे येशूने तिच्या हातातली पळी काढून घेतली नव्हती. वाढपी म्हणून मार्थाला मी मरीयेपेक्षा कमी लेखत नाही, आणि मंडळीत जे लेखतात त्यांनी एक दिवस स्वतः भांडी घासून पाहावीत.

मराठी ख्रिस्ती माणसाला यासाठी दूरचे उदाहरण शोधायची गरज नाही. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव भाषणे दिली, पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. विधवांना आसरा, शिक्षण, टीकाकारांशी सामना, वर्गणीदारांशी पत्रव्यवहार. एवढे करणाऱ्या बाईला कोण म्हणेल की हिच्या ख्रिस्ती जीवनात काही उणे आहे? पण १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या स्वतःच म्हणतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. म्हणजे १८९१ च्या सुमारास. शारदा सदन तेव्हा जोरात चालू होते.

त्या काळात त्यांच्या उपयोगी पडलेल्या पुस्तकांत विल्यम हॅस्लम या अँग्लिकन पाळकाचे आत्मकथन होते. हे गृहस्थ कॉर्नवॉलमधल्या बाल्ढू गावी काम करत. चर्च बांधण्यात आणि विधी यथासांग करण्यात त्यांचा मोठा उत्साह. १८५१ मध्ये एका रविवारी ते मोठ्या अस्वस्थतेत प्रवचनाला उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांनाच प्रकाश पडला. समोरच्यांपैकी एक जण ओरडला की पाळकाचेच परिवर्तन झाले! प्रवचन देणाऱ्यालाच प्रवचनाची सगळ्यांत जास्त गरज असू शकते, ही गोष्ट रमाबाईंना का भिडली असेल, हे त्यांची आठ वर्षे पाहिली की कळते.

ख्रिस्त सापडल्यावर रमाबाईंचे काम कमी झाले का? उलट झाले. १८९६ पासूनच्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून आणि पुढे गुजरातेतून शेकडो मुली आणल्या. केडगावला मुक्ती सदन उभे राहिले: विहिरी, शेती, विणकाम, छापखाना. मात्र क्रम बदलला होता. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी प्रार्थनेसाठी खास गट मागितला. सुरुवातीला सत्तरेक जणी पुढे आल्या, जूनपर्यंत त्या साडेपाचशे झाल्या आणि दिवसातून दोनदा जमू लागल्या. जूनअखेर मुक्तीत जी जागृती झाली तिचे वृत्तांत परदेशातही वाचले गेले. आपल्या दृष्टीने त्यातली साधी बाब महत्त्वाची: शेकडो पोरींच्या जेवणाखाणाचा, अभ्यासाचा, आजारपणाचा व्याप असताना दिवसातले दोन तुकडे प्रार्थनेसाठी बाजूला काढले गेले. वेळ उरला म्हणून प्रार्थना केली असे केडगावात होणे शक्यच नव्हते, कारण तिथे वेळ उरत नसे. शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून साऱ्या बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करण्यात घालवली. १९२१ च्या जुलैत मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. त्या अनुवादाला मी त्यांच्या प्रार्थनेचाच भाग समजतो. इतकी वर्षे एका ग्रंथाशी रोज बसणे नुसत्या कर्तबगारीने होत नाही.

आता आपल्याकडे या. आपल्याला केडगाव चालवायचे नाही. नोकरी आहे, मुलांच्या परीक्षा आहेत, लोकल आहे, आणि वर मंडळीची कामे. करायचे काय?

सुरुवात वेळेपासून करा आणि ती वेळ फोनच्या आधीची ठेवा. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी सकाळी वचनांची फुले पडलेली असतात. त्यांना हात जोडून उत्तर दिले की प्रार्थना झाल्यासारखे वाटते. ती झालेली नसते. पंधरा-वीस मिनिटे पुरेत, पण ती रोजची असावीत. झाशीचेच उदाहरण द्यायचे तर गोडसे भटजींनी 'माझा प्रवास'मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम लिहून ठेवला आहे: पहाटेचा व्यायाम, स्नान, मग पूजा, आणि दरबार त्यानंतर. धामधुमीच्या काळातला हा क्रम होता. त्यांची उपासना वेगळी, आपली वेगळी, पण राज्याचा गाडा हाकणाऱ्या बाईला सकाळी जमत होते, तेव्हा आपल्याला सवडच होत नाही हे जरा जपून म्हणावे. रात्रपाळी असेल तर सकाळचा आग्रह धरू नका. पाळीवरून घरी आल्यावर आंघोळीनंतरची वेळ घ्या. मुद्दा ठरलेपणाचा आहे.

जागेची अडचण खरी आहे. दोन खोल्यांत सहा माणसे असतील तर एकांत कुठून आणणार? येशूलाही घरात जागा मिळत नव्हती. मार्काच्या पहिल्या अध्यायात तो पहाटे अंधारात उठून बाहेर जातो. जिना, गच्ची, चर्चचे सर्वांत मागचे बाक, रेल्वेच्या डब्यातली खिडकी, काहीही चालेल. कामाला जाताना वाटेत चर्च उघडे असेल तर दहा मिनिटे आत जा. आत गेल्यावर बल्ब गेलेला दिसेल, फुले सुकलेली दिसतील. त्या दहा मिनिटांत त्याकडे बघायचे नाही. कार्यकर्त्याला हे फार जड जाते, अनुभवून पाहा.

वाचायचे काय? थोडे. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, एका बैठकीला एक प्रसंग, हळू आवाजात उच्चारून. मराठीतच वाचा. शाळा इंग्रजी असली तरी रडणे मराठीत येते. वाचून झाले की त्या प्रसंगातल्या कोणाच्या जागी आज आपण आहोत ते पाहा, प्रभूला सरळ शब्दांत सांगा आणि मग काही न बोलता बसा. एक नियम मात्र कडक पाळा: रविवारी ज्यावर बोलायचे आहे तो उतारा या वेळेत घ्यायचा नाही. वही-पेन जवळ नको. पाळक, संडे स्कूलचे शिक्षक, प्रार्थनासभा घेणाऱ्या बहिणी, सगळ्यांसाठी हा नियम आहे, कारण आपल्याला प्रत्येक वचनात मुद्दे दिसायची सवय लागलेली असते.

मन भरकटेल. वर्गणीची पावती, उद्याचे भात-वरण, कालचे भांडण, सगळे तिथेच आठवेल. जे आठवले तेच प्रार्थनेत घ्या आणि पुन्हा वचनाकडे या. काहीच जाणवले नाही म्हणून उठून जाऊ नका. मदर तेरेसांची खासगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये, पुस्तकरूपाने आली, तेव्हा लोक चकित झाले. अनेक दशके त्यांना आतून कोरडेपणाच जाणवत होता. तरीही १९७३ पासून त्यांच्या संघात रोजचा एक तास पवित्र साक्रामेंतापुढे बसण्याचा नेम आहे, आणि तो ज्यांच्या दारात मरणासन्न माणसे रांगेने येतात अशा सिस्टर्सचा नेम आहे. जवळीक भावनेने मोजता येत नाही. तिची परीक्षा पुढे दिवसभरात होते: कुरकुर कमी झाली का, नकार ऐकून घेता येतो का, आपल्यापेक्षा दुसऱ्याने काम चांगले केले तर बरे वाटते का.

पण नुसती वेळ काढून भागणार नाही. एखादे काम सोडावे लागेल. भरलेल्या दिवसात प्रार्थना कोंबली की ती यादीतले आणखी एक काम होते, आणि पंधरवड्यात गळते. म्हणून कागदावर आपली मंडळीतली सगळी कामे लिहा. प्रत्येकापुढे स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मला प्रभूने सांगितले, की दुसरे कोणी नव्हते म्हणून माझ्याकडे आले, की माझ्याशिवाय होणार नाही असे मला वाटते म्हणून मी धरून ठेवले आहे? तिसऱ्या प्रकारातले काम आधी सोडा. त्यातच सगळ्यांत जास्त दुखते. सोडताना भांडून, रुसून नको. सरळ सांगा: "पाळकसाहेब, संडे स्कूल मी सोडत नाही. पण हिशेब आणि सजावट ही दोन कामे ईस्टरपर्यंत दुसऱ्या कोणाला द्या. मला उपासनेत मागे बसून नुसते ऐकायचे आहे." फादर असतील तर फादरांना सांगा. पहिल्या वेळी त्यांचा चेहरा उतरेल. पदर धरून बसणारे दोन-तीन जण म्हणतील की तुम्हीच असे केल्यावर कसे होणार. होते. सजावट थोडी वाकडी होते, एखादी पावती चुकते, आणि वर्षानुवर्षे मागच्या बाकावर बसणाऱ्या कोणा तरुणाला पहिल्यांदा काम मिळते.

नकार देण्याचे बळही प्रार्थनेतूनच येते. मार्काच्या त्याच पहिल्या अध्यायात शिमोन येशूला शोधत येतो आणि सांगतो की सगळे तुला शोधत आहेत. कफर्णहूमच्या दारात आजारी माणसे आहेत, काम खरे आहे, गरज खरी आहे. येशू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ. पहाटे एकट्याने बसलेल्या माणसालाच हे ठरवता येते. आपण बसलेले नसतो, म्हणून जो मोठ्याने हाक मारील त्याच्याकडे धावतो.

बायकांशी वेगळे बोलले पाहिजे, कारण त्यांना हा उपदेश बहुधा चुकीच्या तोंडून ऐकावा लागतो. महिला मंडळाच्या सभेत कोणी बंधू येऊन मरीयेसारखे प्रभूच्या चरणी बसा म्हणून सांगतो आणि मग त्याच सभेचा चहा त्याच बहिणींनी करायचा असतो. घरचे चूलपोतेरे, नोकरी, त्यावर मंडळीच्या प्रीतिभोजनाची भाजी चिरणे. तिला बसायला सांगायचे असेल तर तिच्या जागी कोणीतरी उठले पाहिजे. नवऱ्याने सकाळचा डबा भरावा, मुलाने पाणी भरावे, मंडळीतल्या पुरुषांनी प्रीतिभोजनाची भांडी घासावीत. मरीया ज्या पद्धतीने बसली होती ती शिष्याची बैठक होती आणि त्या काळी ती पुरुषांची समजली जाई. येशूने ती जागा बाईला दिली. आपण ती रोजच्या रोज परत काढून घेतो. बहिणींनो, घरातल्यांना सांगताना संकोच करू नका, "माझी पंधरा मिनिटे" असे शब्द वापरा, दार लावून घ्या.

कमिट्यांसाठी थोडक्यात. आपल्या सभांच्या इतिवृत्तात पहिले वाक्य ठरलेले असते: सभेची सुरुवात अमुक यांच्या प्रार्थनेने झाली. ती प्रार्थना मिनिटभराची असते आणि तेवढ्यात खजिनदार ताळेबंदाची पाने उलटत असतो. पुढच्या सभेला पहिली दहा मिनिटे वचन आणि शांतता ठेवून पाहा, विषयपत्रिका मग वाटा. प्रत्येक कामाला दोन माणसे नेमा, म्हणजे एक जण उपासनेत बसू शकेल. पाळकांना आठवड्यातला एक दिवस फोनशिवाय द्या आणि त्या दिवशी कोणी त्यांच्या दारात गेले तर कमिटीनेच त्याला परत पाठवावे. पाळक कोरडा पडला की मंडळी कोरडी पडते, हे सांगायला प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायातली इफिसची मंडळी आहे. त्यांचे श्रम, धीर, शिकवणुकीची पारख, सगळे प्रभूने नावाजले. पहिली प्रीती सुटली, एवढीच तक्रार होती. त्यासाठी समई हलवण्याचा इशारा मिळाला.

याची दुसरी बाजूही सांगून टाकतो, नाहीतर हा लेख आळशांच्या हाती लागायचा. "मी सध्या प्रभूबरोबर वेळ घालवतो आहे" असे म्हणून वर्गणी, आजाऱ्याची भेट, प्रेताला खांदा देणे, सगळ्यातून अंग काढणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात. मत्तयच्या २५ व्या अध्यायात भुकेल्याला जेवण दिले का, हा प्रश्न शेवटच्या न्यायाच्या वेळी विचारला आहे, तेव्हा त्यावर अशी सबब चालणार नाही. जवळीक खरी असेल तर ती महिन्या-दोन महिन्यांत कोणाच्या तरी दारात नेऊन उभी करते. रमाबाईंना तिने दुष्काळी मुलखात नेले.

ज्यांना यंदा झाशीला जायचे आहे त्यांच्यासाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. गट नेणार असाल तर तिकिटे, राहण्याची सोय, जेवण ही कामे तीन-चार जणांत वाटा आणि सणाच्या मुख्य मिस्सेला गटप्रमुखाने फोन दुसऱ्याकडे द्यावा. शक्य असेल तर सणाच्या दिवशी न पोचता नोव्हेनाच्या एखाद्या आधीच्या दिवशी पोचा. गर्दी तुलनेने कमी असते आणि बसायला मिळते. जाताना गाडीत योहानाचा १४ वा आणि १५ वा अध्याय वाचून घ्या. नवस बोलायचा तो बोला, पण संत ज्यूड यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर वाचल्याशिवाय मेणबत्ती लावू नका. आणि बिल्ला लावून उभे राहणाऱ्यांनी सणाच्या कामांची वाटणी होईल त्या सभेत हात वर करण्याआधी एवढे विचारून घ्यावे: माझी मिस्सा कोणती? ती वेळ यादीत आपल्या नावापुढे लिहून घ्या आणि त्या वेळेला फाटकावर कोण उभा राहणार, त्याचे नावही तिथेच लिहा.